ठकुबाईची न्हाणी

उत्रोलीच्या ठकुबाईचा जगात दोघींवरच विश्वास होता, एक देवी आणि दुसरी चिंच. तांब्याचं घंगाळ कितीही काळवंडलेलं असो, चिंच लावून घासलं की ते लखलखणारच. भोरात उपेंद्रराव वकिलांच्या घरची न्हाणी ती पंधरा वर्षं धूत होती. घंगाळही तिथंच घासायची. न्हाणीतला काळा दगड मोठा सोशीक. त्याच्यावर काहीही सांडा, ढिम्म फरक पडत नसे.

मग छत्तीस साली वकिलांना हौस आली. त्यांनी काळा दगड उखडून शहाबादी फरशी बसवली. सोनबा गवंड्याने ती अशी तुळतुळीत घोटली, की वकिलांच्या सौदामिनीबाई दोन दिवस तिच्यावर पाय ठेवायला तयार होईनात. आळीतल्या बायका तर खास न्हाणी बघायला येऊन गेल्या!

महिन्याभरात फरशीवर पांढुरके चट्टे उठले. ठकुबाईने चिंच लावून कोपर दुखेपर्यंत घासलं, तर चट्टे जास्तच पसरले. वकिलांनी सोनबाला बोलावून फैलावर घेतलं. "दगडच हलका आणलास. सगळी फरशी उखड आणि नवी बसव!" सोनबा मान खाली घालून ऐकत राहिला. आता भोरात त्याला कोण काम देणार होतं?

दुसऱ्या दिवशी चिंचेचा एक गोळा कोपऱ्यातल्या चांगल्या फरशीवर पडला. ठकुबाई पाणी घेऊन आली, गोळा उचलला, तर खाली गोळ्याएवढाच पांढरा डाग. म्हणजे सगळे चट्टे तिच्याच चिंचेने पडले होते.

गप्प राहिली असती तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण दोन दिवसांनी सोनबा फरशी उखडायला पहार घेऊन आला. "थांब रं!" म्हणत ती तडक सौदामिनीबाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"वैनीसाब, दगड चांगला हाय. चट्टे म्या पाडलं, चिंचेनं. आता ठिवा न्हाईतर काढा."

सौदामिनीबाईंनी न्हाणीत जाऊन तो गोळ्याएवढा डाग पाहिला. मग म्हणाल्या, "उद्यापासून घंगाळ अंगणात घासायचं. फरशीला नुसतं पाणी आणि वर कोरडं फडकं. मी बोलते यांच्याशी."

सोनबाने कुरुंदाचा दगड पाण्यात बुडवून तीन दिवस फरशी घोटली. चट्टे गेले. तो निघाला तेव्हा ठकुबाईने हात जोडले.

"माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली, बाबा."

"म्या पयल्याच दिशी वळखलं व्हतं, मावशी. चिंचेचा डाग लपतुय व्हय?"

"मग बोलला का न्हाईस?"

"मला काय, धा न्हाण्या मिळत्याल. तुमचं हे घर सुटलं, तर तुमाला कोन हाय?"

दहा न्हाण्या! भोरात शहाबादी न्हाणी ही एकच होती, हे तिला ठाऊक होतं. "मेल्या, दोन राती डोळा लागला न्हाई माझा!" म्हणत तिने त्याला शिव्या घालायला सुरुवात केली. पण एकही शिवी रडण्याशिवाय पुरी होईना.