रीळ बदलताना

करीमभाईंना परभणीत लोक दारुडा म्हणू लागले, ते माझ्यामुळं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना मला आडोसा घ्यायला जागा उरणार नाही. महिन्यापूर्वी शाळेत शिपायानं बातमी आणली, "मास्तर, टॉकीजचा तो दारुडा आपरेटर गेला." करीमभाईंनी उभ्या जन्मात दारूचा थेंब चाखला नव्हता, हे माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? तरी मी मान खाली घालून हजेरी घेत राहिलो...

निजामी होती तेव्हा ते हैदराबादेत अफसरांच्या एका क्लबात पेले भरायचे. विलीनीकरणानंतर तिथले साहेब पांगले आणि हे सासुरवाडीला, परभणीला आले. इथं टॉकीजचं मशीन चालवायला शिकले. रविवारी सकाळी एक इंग्रजी खेळ लागे. ओल्या गल्ल्या, तिरक्या सावल्या, टोपीखाली अर्धा झाकलेला चेहरा आणि एखादा खून. टॉकीजला मशीन एकच. रीळ संपलं की दिवे लागत आणि दुसरं चढवता चढवता करीमभाई भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून डोकं काढून झालेली गोष्ट खालच्या लोकांना सांगत. "बाई रडायलीय, पण डोळे बघा तिचे, कोरडे हायत. टोपीवाला फसायलाय." खालून कुणीतरी टोमणा मारी, की करीमभाई, तुम्हाला तरी इंग्रजी कुठं येतंय? ते म्हणत, "मला साहेब लोकांचे चेहरे वाचता येतेत."

मी इंग्रजीचा मास्तर. त्यांच्या चुका काढायच्या म्हणून पहिल्यांदा जिना चढून वर गेलो, आणि मग दर रविवारी जातच राहिलो. शब्द मला कळत, माणसं त्यांना. एकदा मी म्हटलं, या गोष्टींत एकही भला माणूस कसा नसतो? ते रीळ गुंडाळत म्हणाले, "साफ कुणीच न्हाई, मास्तर. म्हणून तर आपल्यातले वाटतेत."

खेळ संपल्यावर, दुपारी, त्यांनी मला क्लबातली एक चीज करून दाखवली. जाड बुडाचा पेला टॉवेलनं पुसून उजेडात धरायचा. तळाशी खडीसाखर. चिराईत, लवंग आणि संत्र्याची वाळलेली साल घालून मुरवलेल्या कडू अर्काचे दोन थेंब. मग व्हिस्की, सोडावाल्याकडून भुशात गुंडाळून आणलेला बर्फ, आणि शेवटी मोसंबीची साल पिळून तिचा वास वर सोडायचा. साहेब लोक याला ओल्ड फॅशन म्हणत. करीमभाई नमाजी माणूस, नुसता वास घेऊन सांगत, "कडू जादा झालं." मी एकच पेला तासभर पुरवून पीत असे. माझ्या सबंध आयुष्यात एवढी ऐट दुसरी नव्हती.

पुढं आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि दारूबंदी आमच्याकडेही लागू झाली. मला मात्र तो पेला सुटेना. हैदराबादेहून येताना मी धोतरात गुंडाळून एक बाटली आणली. करीमभाईंनी हात लावला नाही. म्हणाले, "आता नको मास्तर, घरी न्या." घरी आई होती, शेजारी होते. पुढच्या रविवारी नेतो, असं सांगून मी ती रिळांच्या पेटीमागं ठेवली. रविवार गेले. मी नेली नाही.

दीड वर्षापूर्वी एका रविवारी रीळ बदलत असताना पोलीस जमादार वर आला. बाटली त्याला लगेच सापडली. ती खिडकीतून खालच्या लोकांना दिसेल अशी धरून त्यानं मोठ्यानं विचारलं, "कुणाची?" दिवे लागलेले होते. सगळ्या माना वर झाल्या. करीमभाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मी रिळाकडं पाहत होतो. मग ते म्हणाले, "माझी हाय. मास्तर खेळ बघायला आलेत." जमादारानं माझ्याकडं वळून विचारलं, तुम्हाला माहीत होतं? मी म्हणालो, "मला काय माहीत."

त्यांना कैद झाली, नोकरी गेली. सुटून आल्यावर त्यांनी स्टेशनजवळ लिंबाच्या शरबताचा गाडा लावला. मी लांबच्या रस्त्यानं जायला लागलो. एकदा चुकून समोरून गेलो, तर त्यांनी पेला पुसून उजेडात धरला आणि थांबले... मी थांबलो नाही.

बातमी कळल्यानंतर चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. भाभींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. फळीवर तोच जाड बुडाचा पेला उपडा ठेवलेला होता. "मला ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "मला कशाला सांगता मास्तर? ज्यांच्यासमोर ते बदनाम झाले, त्यांना सांगा."

गेल्या रविवारी टॉकीजात गेलो. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले. नवा आपरेटर बोलत नाही, तरी सवयीनं लोकांच्या माना खिडकीकडं वळल्या. माझ्या वर्गातली दोन मुलं पुढच्या बाकावर होती. मी उभा राहिलो आणि त्या रिकाम्या चौकोनाकडं बघूनच बोललो, कारण लोकांकडं बघून जमलं नसतं.

"ती बाटली माझी होती. मला माहीत होतं. करीमभाई, मला माफ करा."