राखेतल्या कोंबड्या

वाटूरला आमच्या आळीत प्रभावतीशी वाकडं घ्यायची कुणाची छाती नव्हती. पोरीची छेड काढणाऱ्याचा हात तिनं भर रस्त्यात मुसळानं मोडला होता.

तिचा नवरा तातेराव भंगारातल्या वायरी जाळून तांबं काढायचा. घरामागच्या खड्ड्यात ढीग पेटला की काळ्या धुरानं घसा चिरायचा. लेक भावना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तसं प्रभावतीनं फर्मान काढलं. वायरी पेटल्या की दारं-खिडक्या बंद अन् भावना आत. शिवाय रोज दोन गावरान अंडी, घरच्याच कोंबड्यांची. पोरगी नको म्हणाली तरी ती समोर बसून खाऊ घालायची.

त्या कोंबड्या दिवसभर त्याच खड्ड्यातल्या राखेत लोळायच्या, टोचायच्या. मी शेजारचा शाळामास्तर, रोज बघायचो. डोक्यात काही आलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

नववा महिना लागला तेव्हा गावची आशा सेविका बेबीनंदा भावनाला तपासायला आली अन् खड्ड्यापाशी थबकली.

"मावशी, ह्यांचीच अंडी देऊन राह्यल्या का? वायरीचं प्लास्टिक जळालं की डायऑक्सिन नावाचं जहर व्हतं. ते राखेत ऱ्हातं, कोंबडीच्या चरबीत बसतं, मंग अंड्यात. बाईच्या अंगात वर्षानुवर्षं ऱ्हातं अन् दुधातून लेकराला जातं."

तातेराव हसला. "वीस वर्षं जाळून राह्यलो. मेलो का मी?"

प्रभावतीनं कोयता उचलला. अकरा कोंबड्या. एकेक धरली अन् ओट्यावर मुंडी उडवली. धडं अंगणभर फडफडत होती, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. तातेरावनं तिचे केस धरून ओढलं. तिनं कोयत्याची उलटी बाजू त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो कोसळला तरी ती थांबेना.

"माझ्या हातानं चारलं मी! धुराला दार लावलं अन् जहर माझ्या हातानं चारलं!"

शेवटी भावनाच मधे पडली, पोट सांभाळत. "माय, बस कर!" तेव्हा कुठं कोयता खाली पडला.

खड्डा बुजला. तातेराव अजून लंगडतो, वायरी जाळत नाही.

पंधरा दिवसांनी भावनाला मुलगी झाली. प्रभावतीनं बेबीनंदाचा हात गच्च धरला. "दूध पाजू देऊ का नको?"

"पाजाच मावशी. थोडं जहर गेलं तरी आईच्या दुधावाचून लेकराला दुसरं बळ न्हाई."

पोर छातीशी लागली, चुटूचुटू ओढू लागली. अकरा मुंड्या उडवणारी बाई उंबऱ्यात बसून बघत राहिली. प्रत्येक घोटाला पोर ओढून घ्यायला तिचा हात उठायचा, अन् पुन्हा मांडीवर पडायचा.