खालच्या कुरणातला नर

"दाजी, तुम्ही पक्षी आहात. पक्षी जूनमध्ये गाव सोडत नाहीत."

"आणि सप्टेंबरात?"

"सप्टेंबरात जा की! सगळेच जातात. अगदी आफ्रिकेपर्यंत जा, मी अडवते का?"

"बाप्तिस्मा परवा रविवारी आहे, लेऑन्तिना."

"मग ढकला पुढे. पोरगी काय पळून चाललीय?"

"रांगायला लागलीय. पळेलही."

भांडण गाव्रिलच्या दुकानात चाललं होतं, म्हणजे गावासमोरच. लेऑन्तिना आमची सरपंच, आणि ओनुफ्रेच्या वारलेल्या बायकोची धाकटी बहीण. त्यामुळे दाजींवर ओरडायचा तिचा हक्क सरकारीही होता आणि घरचाही. ओनुफ्रे पांढरा सदरा घालून बाकावर बसला होता. पायाशी दोरीने आवळलेली सुटकेस, मांडीवर लेकीसाठी चीजचा गोळा. इटलीची बस संध्याकाळी तिठ्यावर थांबते. आणि शहरातून पक्षी मोजणारी बाईही त्याच संध्याकाळी यायची होती.

ओनुफ्रेने जन्मभर एकच काम केलं, गवत कापणं. लांब दांड्याचा विळा घेऊन तो कुरणात उतरला की गवत आपणहून आडवं होतंय असं वाटायचं. आमच्या कुरणांत तेव्हा कर्स्तेई असायचे. लाव्यापेक्षा जरा मोठा, मातकट पक्षी. दिसत कधीच नाही, गवतात दडून नुसता खरखरतो: क्रेक्-क्रेक्, क्रेक्-क्रेक्. ओनुफ्रे बोकडाच्या बरगडीला खाचा पाडून त्यावरून कंगवा ओढायचा आणि हुबेहूब तोच आवाज काढायचा. लग्नात दारूचा दुसरा घोट झाला की लोक म्हणायचे, "ओनुफ्रे, कर्स्तेई कर!"

मग गावात कापणीची यंत्रं आली. मे सरायच्या आत कुरणं भादरून मोकळी. पक्षी गेले आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं ते पक्षी वाचवायची योजना आल्यावर. ज्या कुरणात कर्स्तेई ऐकू येईल ते उशिरा कापायचं, हातानं कापायचं, मधून सुरू करून कडेला यायचं, म्हणजे पिल्लांना पळायला वाट राहते. असं करणाऱ्या गावाला दरसाल अनुदान. लेऑन्तिनाने शाळेचं छप्पर, पूल आणि दवाखान्याचा जिना सगळं त्यात बसवलं. फक्त पक्षी बसवायचा राहिला होता.

"एका संध्याकाळचा प्रश्न आहे, दाजी," तेव्हा ती म्हणाली होती. "गवतात आडवं पडायचं. तसेही तुम्ही पडताच."

ओनुफ्रे पडला. बाईने कान देऊन ऐकलं आणि खालच्या कुरणात एक नर नोंदवला. खालचं कुरण ओनुफ्रेचंच. त्यामुळे त्याला स्वतःचंच गवत कापायची बंदी झाली, कारण तिथे तो राहत होता.

दुसऱ्या वर्षी बाई म्हणाली, एकटा नर म्हणजे चिंतेची गोष्ट. म्हणून ओनुफ्रे खालच्या कुरणात खरखरून झाला की ओढा ओलांडून वरच्या कुरणात धावायचा आणि तिथून स्वतःलाच उत्तर द्यायचा. तिसऱ्या वर्षी गावाने त्याला सायकल घेऊन दिली. एकदा गवतात त्याला खोकला आला, तेव्हा बाईने "परिसरात माणसांचा उपद्रव" असा शेरा मारला आणि पंचायतीने ओनुफ्रेला ताकीद दिली. त्याची पाठ धरली त्या आठवड्यात शहरातून विचारणा झाली की तुमच्याकडची संख्या निम्म्यावर का आली. पाद्रीबाबा रविवारच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची नावं घेताना हळूच "आणि कुरणातले आपले नर" असं जोडायला लागले.

ह्या सगळ्यात त्याच्या लेकीचं, झम्फिराचं, लग्न होऊन गेलं. तिकडे इटलीत, तोरिनोत, जूनमध्येच. ओनुफ्रे त्या दिवशी गवतात होता.

"लग्नाला तुम्ही पक्षी होतात, बाबा," झम्फिरा फोनवर म्हणाली होती. "बाळाच्या बाप्तिस्म्याला माणूस होऊन या. नाही आलात तर पुन्हा बोलावणार नाही मी."

दुकानात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून सगळे लेऑन्तिनाकडे न बघता छताकडे बघत होते.

"पूल अर्धा झालाय, दाजी. अर्ध्या पुलावरून कुठे जायचं लोकांनी?"

"अर्ध्यापर्यंत जायचं."

"थट्टा सुचतेय! गाव्रिल, तू सांग ह्यांना."

गाव्रिल ग्लास पुसत म्हणाला, "मी म्हणतो, ह्याने जाण्याआधी अर्धा तास खरखरावं."

"बस सुटेल," ओनुफ्रे म्हणाला.

"बस रोज येते!"

"नात रोज होत नाही."

आणि तेवढ्यात, दुकानाच्या मागून, खालच्या कुरणातून आवाज आला. क्रेक्-क्रेक्. क्रेक्-क्रेक्.

गाव्रिलचा हात ग्लासात तसाच राहिला. ओनुफ्रेने पहिल्यांदा खिसा चाचपला. बरगडी आणि कंगवा दोन्ही जागेवर होते. मग त्याचा चेहरा असा उतरला की बघवेना.

"बदली माणूस ठेवलास होय माझ्या जागी?"

"मी? शपथ घेते! तुम्हीच कुणाला तरी शिकवलंत. बरगडी विकलीत का कुणाला?"

"कोणी का असेना," गाव्रिल मान तिरकी करून म्हणाला, "हात कच्चा आहे. फार घाई करतोय."

"घाईचं सोड," ओनुफ्रे म्हणाला, "दोन खरखरींच्या मध्ये दम घ्यायचा असतो, ते माहीत नाही त्याला. आणि कंगवा बहुतेक प्लास्टिकचा आहे. मी तीन वर्षं लोकांना चांगल्याची सवय लावली आणि आता हे असलं ऐकवणार तुम्ही त्या बाईला?"

"ऐकून लगेच ओळखेल ती," गाव्रिल म्हणाला. "इतका खोटा आवाज मी जन्मात ऐकला नाही."

"पुलावर पाणी फिरवणार हा!" म्हणत लेऑन्तिना मागच्या दारातून थेट कुरणात घुसली, झगा गुडघ्यापर्यंत उचलून. आम्ही सगळे कुंपणाशी. "बाहेर ये! कुणाचा आहेस तू? कुणी पाठवलं तुला?"

आवाज बंद झाला. गवत हललं. तिच्या पायांतून एक मातकट पाखरू पळालं, लोंबते पाय सावरत हातभर उंच उडालं आणि पलीकडच्या गवतात बुडालं.

लेऑन्तिना झगा धरून तशीच उभी. मग वरच्या कुरणातून, ओढ्यापलीकडून, दुसरा खरखरला. तोही घाईघाईत.

"अगं आई," गाव्रिल म्हणाला. "तीन वर्षं गवत ठेवलं, तर आले की हे!"

ओनुफ्रे कुंपणाला टेकून ऐकत होता. ओठ हलत होते. बहुतेक तो मोजत होता, कुठे दम घेतात ते.

लेऑन्तिना हसत परत आली, पण कुंपणापाशी पोचेपर्यंत हसू विरलं. खालचा पक्षी गप्प झाला होता. मग वरचाही.

"दाजी, हे आता गप्प का?"

"तू लाथाडलंस त्याला."

"पण बाई येईपर्यंत ओरडेल ना पुन्हा?" रस्त्याकडून त्या बाईच्या जीपचा आवाज येतच होता. "हे बघा, तुमच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. उन्हात, पावसात, पाठ धरलेली असताना तुम्ही हजर. ह्याचं काय? ह्याला ना पुलाचं ठाऊक, ना वेळेचं. खरा पक्षी आहे हो तो! त्याचा काय भरवसा?"

तिठ्यावर बसने भोंगा दिला.

"निदान आजच्या दिवस मागे थांबा. तो ओरडला तर तुम्ही गप्प बसा. नाही ओरडला तर... दाजी? तुम्ही सांगा ना, तुम्हाला कळतं त्यांचं. ओरडेल ना तो?"

ओनुफ्रेने खिशातून बरगडी काढली आणि कुंपणाच्या खांबावर ठेवली. मग कंगवा काढला, त्याच्या दातांत अडकलेला हाडाचा भुगा फुंकला आणि कितीतरी दिवसांनी त्याने केस विंचरले. आधी डावीकडे, मग उजवीकडे, भांग नीट पाडून.

"दाजी, ओरडेल ना?"

त्याने कंगवा खिशात टाकला, चीजचा गोळा काखेत मारला, सुटकेस उचलली आणि तिठ्याकडे चालायला लागला.