त्रिंबकमामांची आटोपशीर प्रार्थना

आमचे त्रिंबकमामा एसटीच्या वर्कशॉपात फिटर, आणि औरंगाबादच्या छावणी भागात आमची जी ख्रिस्ती मंडळी भरते तिचे वडील, म्हणजे जाणते पुढारी. माणूस देवाचा, पण प्रार्थनेला उभा राहिला की बसायचं विसरायचा. आमच्यात दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, आणि शेवटची प्रार्थना मामांची. प्रार्थनेत ते लई लांबून यायचे. आधी सगळं जग, मग राज्यकर्ते, मग पीकपाणी, मग सिल्लोड-कन्नडच्या मंडळ्या, मग आजारी माणसं, आणि सगळ्यात शेवटी, ज्या घरी बसलोय त्या घरची माणसं. तोवर चहा दोनदा उकळलेला असे आणि लेकरं आईच्या मांडीवर आडवी झालेली असत.

एका वर्षी जालन्याहून एक तरुण पाळक, म्हणजे पाद्री, आले. त्यांनी उपदेश केला तो नेमका वेळ ह्याच विषयावर. वेळ देवाची आहे, आपण नुसते कारभारी, तिचा जाब द्यावा लागणार, असं ते म्हणाले. मामांचा चेहराच उतरला. दुसऱ्याच दिवशी ते गुलमंडीच्या बाजारातून गजराचं घड्याळ घेऊन आले.

मग घरात गजरांचं राज्य सुरू झालं. पहाटे उठायला गजर, वचन वाचायला गजर, शांत बसून मनन करायला गजर. कस्तुरामामी सगळ्यांना सांगायच्या की ह्यांचं मनन चांगलं चाललंय, भिंतीपलीकडं घोरणं ऐकू जातं. दळण आणायची वेळ आणि मननाची वेळ नेमकी एकच कशी येते, हेही त्या विचारायच्या. पुढं मामा त्यांनाही सुधारायला निघाले. तेव्हा मामी पोळपाट धूत शांतपणे म्हणाल्या, "मला सुधारायचं काम देवानं तुम्हाला दिलं असतं, तर तुम्हाला माझ्याआधी उठवलं असतं."

प्रार्थनाही आता घड्याळावरच होईल, असं मामांनी जाहीर केलं. खरं सांगायचं तर आम्ही बायकांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

त्या शुक्रवारी सभा आशाबाईंच्या घरी होती. त्यांची लेक रूथ बाळंतपणाला आली होती. तिचं पहिलं लेकरू जन्मताच गेलेलं. ह्या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं, आणि सकाळी तिला दवाखान्यात न्यायचं होतं. पोरगी दिवसभर कुणाशी बोलली नव्हती. आशाबाईंनी मामांना दारातच गाठून सांगितलं, की आज माझ्या लेकीचं नाव घेऊन मागा.

मामांनी घड्याळ खिडकीत ठेवलं आणि सुरुवात केली. जग झपाट्यानं उरकलं. पण निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, त्यामुळं राज्यकर्त्यांपाशी ते जरा रेंगाळले. पीकपाणी झालं, सिल्लोड झालं, कन्नडच्या मंडळीचं छप्पर आलं, आणि गजर वाजला. मामांनी तिथल्या तिथं "आमेन" म्हटलं. आम्हीही म्हटलं, तोंडाला सवयच तशी. कुणीतरी कपबशांचा ट्रे पुढं ओढला.

रूथनं मात्र डोळे उघडलेच नाहीत. डोक्यावर पदर, हात जोडलेले, आपलं नाव कधी येतं म्हणून ती तशीच थांबलेली.

आशाबाई चहा ओतायच्या राहिल्या. मग मामी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, कन्नडपर्यंत गेलात. आता घरी या."

मामा पुन्हा उठले. नेहमीसारखं जगापासून सुरू करायला गेले, पण ते तिथंच सोडून दिलं. शेवटी एवढंच म्हणाले, "प्रभू, ही आमची रूथ. हिचं लेकरू हिच्या हातात दे."

एवढी लहान प्रार्थना मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आमेन सगळ्यांच्या आधी रूथनं म्हटलं. मग तिनं डोळे पुसले आणि आईकडं चहा मागितला.

सकाळी मामांनी वाचन, मनन सगळं बाजूला ठेवलं आणि त्या मायलेकींबरोबर दवाखान्यात गेले. दुपारपर्यंत बाकड्यावर बसून होते. मुलगी झाली, आणि चांगली खणखणीत रडली.

घड्याळ मामांनी सोडलं नाही, आणि ते बरंच केलं असं मी म्हणेन. वेळ तेवढीच ठेवली, फक्त क्रम फिरवला. आता जवळची माणसं आधी येतात. राज्यकर्ते कधीमधी राहून जातात, पण त्यांची तक्रार आलेली नाही.

पुढच्या शुक्रवारी सभा आमच्याकडं होती. रूथ अजून दवाखान्यातच, पण आशाबाई खास आल्या होत्या. लेकराचं नाव ठरलं नव्हतं, म्हणून मामा उभे राहून म्हणाले, "प्रभू, आशाबाईंची नात," आणि पुढचं ऐकायच्या आत आशाबाईंनी आमेन म्हणून टाकलं.