ॲडेला क्विनचं शेवटचं वाक्य

ब्रॉडवेवर ॲडेला क्विनची उमेदीची वर्षं मोलकरणीच्या भूमिकांत गेली. चहाचा ट्रे आणायचा, 'आले, बाईसाहेब' म्हणायचं आणि आत जायचं. यंदा कुठे नाटकाचं शेवटचं वाक्य तिच्या वाट्याला आलं. पण ते तालमीत उच्चारलं तर नाटक पडतं, असा तिथल्या नाटकवाल्यांचा समज. म्हणून महिनाभर ती त्या जागी तोंड मिटून उभी राहायची आणि पडदा पडायचा.

पहिल्या प्रयोगाला तिनं श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि पडदा पडला.

ती पडदेवाल्या डूलीवर धावून गेली. "मेल्या, माझं वाक्य खाल्लंस."

"महिनाभर इथेच तर पाडतोय, बाई."

तेवढ्यात मॅनेजर खुशीत आला. "टाळ्या ऐकतेस ना, ॲडेला? तुझं ते वाक्य आता नकोच."