आवणीची परीक्षा

शेतकीच्या पदवीची परीक्षा नुसती कागदावर घ्यायला आमच्या विभागप्रमुखांचा सक्त विरोध होता. "भात पेपरात उगवत नाही," असं ते ओरडून सांगत. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली नवा शिक्षक होतो. आम्ही दोघांनी बेत आखला. घोटावड्याच्या आमच्या घरच्या खाचरात प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या तुकड्यात आवणी करायची, म्हणजे भाताची रोपं लावायची. गुण मात्र पंधरवड्याने, जगलेली रोपं बघून द्यायचे.

पंधरवड्याने गेलो, तर सगळे तुकडे सारखेच हिरवेगार. ज्यांनी रोपं चिखलावर नुसती टेकवली होती, त्यांचेसुद्धा! सर खूश झाले. मला मात्र शंका आली, म्हणून आईला विचारलं.

"मेलेल्या जागी आमी बायांनी दुसरी लावली," ती म्हणाली. "रिकामी जागा दिसली की नांग्या भरायच्या, ह्ये काय सांगाया पायजे?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, परीक्षा होती ती! आता नापास कुणाला करायचं?"

आई माझ्यावरच उखडली. "कर की कुणालाबी. पर त्यापायी रान का उघडं ठेवायचं? नापास झालेलं पोरगं जेवत न्हाई व्हय?"