माझ्या सहीचे तीन रिपोर्ट

"ताई, तुम्ही तर अजून वापीतच नोकरीला आहात," खिडकीमागचे क्लार्क म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला.

मी नाशकात, त्यांच्यासमोर उभी होते. वापी सोडून मला आठ महिने झाले होते.

थोडं समजावून सांगते. वायरिंग करतो तो वायरमन. ते काम तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करतो तो सुपरवायझर. त्याचं परमिट राज्य सरकार देतं. माझं गुजरातचं होतं, ते मला महाराष्ट्रात आणायचं होतं. आम्ही त्याला ट्रान्सफर म्हणतो. प्रत्यक्षात इकडचं ऑफिस तिकडच्या बोर्डाला पत्र लिहून विचारतं, परमिट खरं आहे का, बाई मोकळी आहे का. कारण एका वेळी एकाच ठेकेदाराकडे नाव लावता येतं. उत्तर आलं होतं: परमिट खरं, पण बाई जुन्या ठेकेदाराकडेच.

चूक माझीच. आमच्याकडे रीतच पडलीय, नोकरीला लागलं की ओरिजिनल परमिट शेठच्या फाईलला. सोडताना शेठ म्हणाले, "पाठवतो." मी हो म्हटलं आणि झेरॉक्स घेऊन आले. वेंधळेपणा, दुसरं काय!

"सोमवारी मीटिंग आहे," क्लार्क म्हणाले. "ओरिजिनल परमिट आणि जुन्या ठेकेदाराचं रिलीज लेटर आणलंत तर फाईल आत जाईल. पुढची मीटिंग कधी, ते मला विचारू नका."

सिन्नरच्या एका कारखान्यात माझी सुपरवायझरची जागा ठरली होती. तिथले मॅनेजर देशमुख साहेब, त्यांना फोन लावला. "मंगळवारपर्यंत थांबतो मॅडम. नंतर दुसरा माणूस घ्यावा लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

मला वाईट वाटलंच. शुक्रवारी सकाळी पेठवरून वापीला जाणारी बस धरली.

शेठनी चहा मागवला. "बेन, एवढी घाई कसली? लेटर देतो ना. आजच्या तारखेचं."

"आजच्या कसं? मी आठ महिन्यांपूर्वी सोडलंय. मधल्या कामांवर सही कोणाची?"

शेठनी हसत फाईल सरकवली. तीन टेस्ट रिपोर्ट. तिन्हींवर माझं नाव आणि माझी सही. मी करते त्यापेक्षा सुबक केली होती.

माझं डोकंच सणकलं. उद्या तिथं शॉक लागून कोणाचं बरंवाईट झालं, तर आधी मला शोधत येणार. आजच्या तारखेचं लेटर घेतलं की ही तिन्ही कामं माझ्या गळ्यात.

"खरी तारीख घाला शेठ."

"मग हे रिपोर्ट खोटे ठरतात. ते नाही जमणार."

खरं सांगते, घ्यावं लेटर आणि निघावं, असं मनात आलं. सिन्नरची नोकरी डोळ्यांसमोर होती. आणि तेवढ्यात असं काही सुचलं की मला हसूच फुटलं.

"बरं. सही माझीच म्हणता ना? मग माझं काम मी तपासून येते."

त्यांना वाटलं, बाई रागात बोलतेय. मी पहिल्या रिपोर्टवरचा पत्ता पाठ करून रिक्षात बसलेसुद्धा. आता मजाही येत होती.

पत्ता एका लग्नाच्या हॉलचा होता. तिथल्या मॅनेजर नीताबेन. "या कामावर माझी सही आहे, तपासायला आलेय," असं सांगितल्यावर त्या इतक्या खूश झाल्या! म्हणे, सही करणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय.

अर्थिंग म्हणजे गळणारा करंट जमिनीत उतरवायची वाट. अर्थ टेस्टर माझ्या बॅगेत असतोच, तो लावला. दोन-तीन ओहमच्या आत यायला हवं होतं, आकडा चाळीसच्या पुढे. परत घेतला, तेच. मग अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण उघडलं. झाकण छान हिरवं रंगवलेलं. आत पट्टी वाळूत नुसती खोचलेली, खाली जमिनीत पुरायचा इलेक्ट्रोडच नाही. आणि रविवारी तिथं लग्न होतं.

हॉलचा मेन स्विच आधी बंद करायला लावला. मग शेठना फोन केला.

"शेठ, इथं अर्थिंगच नाही. या कामावरची सही माझी नाही, असं मी हॉलला लेखी देतेय. आत्ता."

शेठ लगेच हजर. खिशात माझं ओरिजिनल परमिट. "बेन, खरी तारीख टाकतो. वर कळवू नका."

"आधी खड्डा," मी म्हटलं. कबूल काहीच केलं नाही.

शनिवारी त्यांची माणसं आली, नवा इलेक्ट्रोड पुरला. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. रीडिंग दीडवर आलं तेव्हा इतका आनंद झाला की मी नीताबेनना मिठीच मारली. मग ओरिजिनल परमिट आणि खऱ्या तारखेचं लेटर घेतलं. आणि तिन्ही रिपोर्टवरची सही माझी नाही, असं बोर्डाला कळवणारं पत्र वापीतूनच पोस्टात टाकलं. शेठ तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत.

सोमवारी फाईल आत गेली. संध्याकाळी मंजुरीचं पत्र हातात. मी ऑफिसच्या पायऱ्यांवर बसून ते दोनदा वाचलं. आठवड्यात परमिटही आलं.

"अभिनंदन," देशमुख साहेब म्हणाले. "ओरिजिनल आमच्या फाईलला द्या, झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. सगळे तसंच करतात."

"माहितीय साहेब," मी म्हटलं आणि झेरॉक्स त्यांच्या टेबलावर ठेवली.